तळाचं औषध

"जाऊ की राहू, एवढंच सांगा बाबा. संध्याकाळी कंपनीचा फोन येणार आहे."

शिरीष उंडाळकरने मठाच्या पायरीवर चपला काढता काढताच विचारलं. नमस्कार मागाहून केला.

शिरीष फार्मासिस्ट. विद्यापीठात पहिला आलेला, आणि हे तो ओळख झाल्यावर दुसऱ्याच वाक्याला सांगायचा. तालुक्याच्या गावात मोठ्या मेडिकलमध्ये नोकरीला होता. आता गुजरातेतल्या एका औषध कंपनीने बोलावलं होतं. पगार दुप्पट, बसायला केबिन, आणि गिऱ्हाइकाचं तोंड बघायला नको.

दादूबाबा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.

"तुला काय वाटतंय?"

"काहीच कळत नाही. सकाळी वाटतं, जावं. दुपारी वाटतं, स्वतःचं दुकान टाकावं. मग वाटतं, कॉलेजात शिकवावं. कधी वाटतं, औषधांचं नावच नको."

"आन् झोपंत?"

"झोप लागत नाही."

बाबांनी एक शेंग त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती नुसतीच धरून ठेवली.

दादूबाबांची एक रीत पंचक्रोशीला ठाऊक होती. कोणी डोक्यात काहूर घेऊन आला, की ते त्याला कृष्णेच्या गढूळ पाण्याचा तांब्या भरून आणायला लावत आणि समोर ठेवत. पाणी निवळेपर्यंत बोलायचं नाही. पाणी निवळायचं, माणूसही निवळायचा, आणि बहुतेक जण काही न विचारताच घरी जायचे.

शिरीषला हे माहीत होतं. हुशार माणूस, येतानाच नदीवरून तांब्या भरून घेऊन आला होता. तो त्याने बाबांपुढे ठेवला आणि मांडी घातली.

"बसतो मी. मन जरा निवळू दे, मग ठरवतो."

बाबांनी तांब्या उचलला आणि कण्हेरीच्या मुळाशी ओतून टाकला.

"बाबा..."

"त्यो इलाज दुसऱ्यांचा. कोनाड्यात बाटली हाय बग. छातीत जळजळतंय सकाळधरनं. चमचाभर दे."

शिरीष उठला. कोनाड्यात गुलाबी औषधाची बाटली होती. बरेच दिवस कोणी हात लावलेला दिसत नव्हता. तळाला घट्ट साका बसलेला, वर पाणी.

"कसं निवळलंय बग," बाबा म्हणाले. "वरचं वरचं वत चमच्यात."

"नाही नाही. असं नाही घ्यायचं."

त्याने झाकण घट्ट लावलं, बाटली उलटी केली आणि खसाखसा हलवायला लागला. या हलवण्यात त्याचा हात असा बसलेला होता, की बघत राहावं.

"आरं आरं! चांगलं निवळलं हुतं, गढूळ केलंस की!"

"वर नुसतं गोड पाणी असतं, बाबा. औषध सगळं तळाला बसतं. न हलवता घेतलंत तर आज काहीच गुण नाही यायचा."

"असं व्हय..."

बाबांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"मग तुज्या तळाला काय बसलंय?"

शिरीषचा हात थांबला.

"काही नाही."

"हलीव."

"एक आजी यायच्या दुकानात," हातातल्या बाटलीकडे बघत तो म्हणाला. "रक्त पातळ करायची गोळी, रोजची. मीच द्यायचो. एकदा गुडघ्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या. त्यातली गोळी रोजच्या गोळीबरोबर घेतली तर आतल्या आत रक्त जायची भीती. मी त्या डॉक्टरांना फोन लावला."

"मग?"

"म्हणाले, तू कपाटातून काढून द्यायचं काम कर. वर मालकही म्हणाले, डॉक्टरांना दुखवून दुकान चालत नसतं. पुन्हा कोणाला काही विचारायचं नाही."

"आन् गोळी?"

"मी नाही दिली. आजी चिडल्या. समोरच्या दुकानात गेल्या. परत आल्याच नाहीत."

"गेली म्हातारी?"

"माहीत नाही, बाबा... तेच तर माहीत नाही."

पहिला नंबर, केबिन, पगार, सगळं कुठल्या कुठे गेलं आणि ओट्यावर नुसता एक घाबरलेला माणूस उरला.

"तेव्हापासून मी तोंड उघडत नाही. चिठ्ठी बघतो, काढतो, देतो. हे काय, कोणीही करेल. यासाठी शिकलो का मी? सांगा ना. जाऊ का?"

बाबांनी तोंड उघडलं.

शिरीषला वाटलं, आता उत्तर मिळणार. पण बाबांनी तोंड उघडंच ठेवलं. औषधासाठी.

काय करणार बिचारा? डोळे पुसले, चमचा भरला, पुढे केला. बाबांच्या ओठांपाशी आला आणि चमचा थांबला.

"बाबा, दुसरं कुठलं औषध चालू आहे का?"

"आरं, डाक्टरनंच दिलीया बाटली. घाल तोंडात."

"असू दे डॉक्टरनं दिलेली. आणखी काय घेता ते सांगा."

तेवढ्यात खिशात फोन वाजला.

"तुजी कंपनी," बाबा म्हणाले.

"वाजू द्या. गोळी कुठली घेता?"

"बीपीची हाय एक."

"कधी घेतली?"

"तू यायच्या जरा आदी."

"मग हे आत्ता नाही घ्यायचं. दोन्हीत अंतर लागतं. दोन तास कळ काढा, मी थांबतो."

फोन वाजून वाजून बंद पडला. शिरीषने चमच्यातलं औषध टाकून दिलं, चमचा धुतला, बाटलीचं झाकण लावलं आणि ती कोनाड्यात ठेवली. मग एकदम भानावर आल्यासारखा तो वळला.

"बाबा, फोन... आता मी काय करू?"

दादूबाबांनी रिकामा तांब्या पायाने त्याच्याकडे सरकवला.

"जा. आता आन भरून."