इलाहीचाचांच्या आईची कॅसेट

"चाचा, ही माझी परीक्षा आहे का?"

विभावरी जंगम उंबऱ्यातच उभी होती. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत एक जुनी कॅसेट.

इलाही मुजावर खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते.

"आधी आत तरी ये की."

चपला काढून ती आत आली. बसली मात्र नाही.

मिरजेत सतारी बनवणाऱ्यांची गल्ली आहे, तिच्या मागच्या बाजूला चाचांची खोली. एका संस्थेच्या ध्वनिसंग्रहात ते आयुष्यभर राबले आणि निवृत्त झाले. मैफली, कीर्तनं, सभांमधली भाषणं, बायकांची लग्नातली गाणी, फितींवर जे जे होतं ते सांभाळायचं, हे त्यांचं काम. विभावरी त्यांच्याच हाताखाली शिकली. आता ती तिथंच होती, पण कंत्राटावर. दर अकरा महिन्यांनी नवा कागद, नवी सही, आणि मधल्या काळात संचालकांच्या चेहऱ्याकडे बघणं.

पोरगी हुशार होती. ते तिला कुणी सांगायची गरज नसे.

यंदा पहिल्यांदाच संस्थेत कायमची जागा निघाली होती. एकच. बाई कशी आहे ते चाचांना विचारायचं, असं संचालकांनी ठरवलं होतं. आणि नेमकं त्याच आठवड्यात चाचांनी तिला बोलावून ही कॅसेट दिली होती. "अम्मीचा आवाज हाय. एवढाच उरलाय. प्रत करून आण."

आता अशा वेळी कुणाच्या मनात पाल चुकचुकणार नाही? माझ्याही चुकचुकली असती.

"प्रत झाली?" चाचांनी विचारलं.

"मी ती वाजवलेलीच नाही."

"का गं?"

"लेबलवरची शाई ताजी आहे. कॅसेट चाळीस वर्षांची, आणि शाई परवाची."

"जुनं लेबल गळून पडलं. म्या नवं लावलं."

"एक स्क्रू कुणीतरी आधी काढलेला आहे."

"मीच काढला. मग हात थरथरायला लागला, परत बसवला."

"आत पांढरी बुरशी आहे. फितीच्या मागचा फेल्टचा तुकडा निखळलाय. अशी कॅसेट वाजवली की फीत अडकते, ताणली जाते, तुटते. हे तुम्हीच मला शिकवलंत. आणि तुम्हीच मला ती वाजवायला देता."

चाचांनी एक शेंग फोडली. दाणे वाटीत टाकले.

"लेबलावर विश्वास ठेवू नकोस, हे पण मीच शिकवलं," ते म्हणाले. "चांगली शिकलीस."

ही शाबासकी होती की टोमणा, ते तिला कळेना. तिनं तो टोमणाच धरला.

पर्समधून तिनं एक कागद काढला. वर ठळक अक्षरांत 'स्थिती-अहवाल'. खाली बुरशी, स्क्रू, फेल्ट, सगळं क्रमानं. शेवटची ओळ अशी की कॅसेट हाती आली तेव्हाच ती खराब होती, पुढं काही झाल्यास काम करणारी व्यक्ती जबाबदार राहणार नाही.

"ह्याच्यावर सही करा. मग बघते."

आईच्या आवाजासाठी मुलाची सही. चाचांनी कागद नीट वाचला. चष्मा पुसून परत एकदा वाचला. शेंगांची टरफलं बाजूला सारून सही केली आणि कागद तिला दिला.

विभावरी सहीकडं बघत राहिली.

"इतक्या लगेच केलीत?"

"मग काय करायचं हुतं?"

"काही नाही..."

पण कॅसेट पिशवीतच राहिली. सही करायला माणसानं का-कू केली असती, तर तिला बरं वाटलं असतं.

गल्लीत कुणीतरी सतार लावत होतं. एकच तार, पुन्हा पुन्हा.

"बस पोरी. पाणी पी."

ती बसली. आणि बसल्यावर तिच्या मनातलं बाहेर आलं.

"चाचा, तुम्हाला काय, तुमचं आयुष्य निघालं. आमचं बघा. मशिनचा एक रबरी पट्टा गेला तर तो आता मिळत नाही. साहेब म्हणतात, सगळं मोबाइलवर असतं की, तुम्ही नक्की काय करता? माझ्याबरोबर शिकलेले सगळे मुंबईला गेले, मालिकांचे आवाज जुळवतात, फ्लॅट घेतले. मी इथं बुरशी हुंगत बसते. आमच्या नातेवाइकांना अजून वाटतं, माझं कॅसेटचं दुकान आहे."

चाचा हसले. ती हसली नाही.

"गेल्या वर्षी पाटणकरच्या हातून एक फीत तुटली. आठवतंय? त्याचं कंत्राट वाढलं नाही. तीच फीत कपाटात पडून राहिली असती, तर कुणी विचारलंसुद्धा नसतं."

"म्हणून?"

"म्हणून जे नाजूक आहे, त्याला मी हात लावत नाही. अहवाल लिहिते आणि कपाटात ठेवते. माझ्या हाताखाली आजवर एकही फीत तुटलेली नाही."

"कपाटात काय काय हाय?"

"सगळं आहे. सगळं सुरक्षित आहे."

"ऐकलंस?"

"अहवाल आहे सगळ्याचा."

"मी ऐकलंस का म्हणून विचारलं."

"नाही ऐकलं."

चाचांनी वाटी खाली ठेवली. हात झटकले.

"तुला एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "सकाळी साहेबांचा फोन आला हुता. जागा भरली."

विभावरीच्या हातातला पेला तसाच राहिला.

"कोणाला?"

"माझ्या भाच्याला."

हे तर ऑफिसात लोक कधीपासून कुजबुजत होते. तिनं ते ऐकलं होतं, खोटं ठरावं म्हणून मनातल्या मनात देवाला नवसही बोलून झाला होता. आता चाचांनी ते हात झटकता झटकता सांगितलं.

"म्हणजे परीक्षा नव्हतीच," ती म्हणाली. "नुसतं झुलवत ठेवलंत मला."

चाचा खाटेवरची टरफलं गोळा करू लागले.

"मी तुमची बॅग उचलली आहे, चाचा. तुम्हाला बारीक अक्षर दिसेनासं झालं तेव्हा लेबलं मी वाचून दाखवली. आणि शेवटी भाचाच."

तिचे डोळे भरले होते. तिनं पुसले नाहीत. पर्स उचलली, कॅसेटची पिशवी खाटेवर टाकली, चपलेत पाय घातले आणि ती बाहेर पडली.

चाचांनी पुढची शेंग उचलली.

कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ती गेली असेल. तिथं थांबली. मग परत आली, तशीच, तावातावानं.

"ही पुढचा पावसाळा काढणार नाही," ती खाटेवरच्या पिशवीकडं बोट दाखवून म्हणाली. "बुरशी आतपर्यंत गेली आहे. तुमच्यासाठी नाही करत मी. तिच्यासाठी करते."

"कर," चाचा म्हणाले.

तिनं तोंडाला मास्क बांधला. स्टुलावर पांढरं कापड पसरलं. पर्समध्ये तिचा छोटा डबा कायम असे. बारीक स्क्रू-ड्रायव्हर, मऊ कापड, जोडपट्टी, एक रिकामी कॅसेट. डबा सोबत होता कायम, उघडला मात्र क्वचितच होता.

स्क्रू निघाले. वरचं झाकण उचललं. फितीच्या कडेवर पांढरी बुरशी धरली होती.

तिनं दोन्ही चक्रं अलगद उचलली आणि रिकाम्या कॅसेटमध्ये बसवली. फीत मऊ कापडाच्या चिमटीत धरली, दुसऱ्या हातानं पेन्सिल फिरवू लागली. हळू. वीतभर पुढं जायचं, थांबायचं, कापड बदलायचं.

चाचा तिच्या हातांकडं बघत होते.

आणि सुरुवातीलाच टोकाची कोरी पट्टी फितीपासून सुटली. दोन टोकं दोन बाजूंना लोंबली.

ह्याच क्षणाला ती इतकी वर्षं भीत आली होती. पण आता भ्यायचं कशाला? जे जायचं ते सकाळीच गेलं होतं. तिनं दोन्ही टोकं जुळवली, जोडपट्टी चिकटवली, नखानं दाबली आणि पेन्सिल परत फिरवायला घेतली.

फीत शेवटापर्यंत पुसून झाली, परत सुरुवातीला आली. झाकण बसलं. स्क्रू बसले. चाचांचा जुना कॅसेट-डेक तिनं पर्समधून काढलेल्या लॅपटॉपला जोडला, कॅसेट आत सरकवली आणि बटण दाबलं.

आधी नुसती खरखर.

मग एक बाई बोलू लागली. म्हातारी, चिडलेली. घरातली दख्खनी बोलत होती. शेजारच्या बकरीनं वाळवणात तोंड घातलं होतं, त्यावरून शेजारणीचा उद्धार चालला होता. मग मुलाचा नंबर लागला. हे यंत्र घरात कशाला आणलंस, विजेचं बिल कोण भरणार, आणि आधी जेवून घे. मध्येच ती खोकली. मध्येच भांडं पडलं.

गाणं नाही, दुवा नाही, काही नाही. एक आई नुसती कटकट करत होती.

चाचांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही.

विभावरी लॅपटॉपच्या पडद्यावर हिरव्या रेघा वर-खाली होताना बघत होती. कधीतरी तिनं तिकडं बघणं सोडलं आणि नुसतं ऐकू लागली. बकरीची गोष्ट परत आली तेव्हा ती हसलीसुद्धा. ह्या कामात आपल्याला आनंद होतो, हे ती विसरून गेली होती. आता तिला फार बरं वाटत होतं, आणि जागा हातची गेल्यावर बरं वाटावं ह्याची थोडी लाजही वाटत होती.

खट्.

एक बाजू संपली. तिनं फाइल साठवली.

चाचांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

"फोन आला नव्हता," चाचा म्हणाले.

"कसला फोन?"

"साहेबांचा. तो उद्या येणार हाय. बाई कशी हाय, इचारणार हाईत."

विभावरीनं लॅपटॉप बाजूला सारला.

"जागा अजून कुणाला दिली न्हाई."

"आणि भाचा?"

"भाचा दुबईला एसी दुरुस्त करतो. त्याला कॅसेट दिली तर तो तिच्यावर चहाचा कप ठेवंल."

विभावरी उभी राहिली.

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात."

"व्हय."

"कधी? मघाशी, की आत्ता?"

चाचांनी दाण्यांची वाटी पुढं सरकवली. तिनं दाणे घेतले नाहीत.

ती त्यांच्याकडं बघत राहिली. माणूस सत्तरीच्या पुढचा, डोळे अजून ओले. ह्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा? नव्या लेबलावर तिनं ठेवला नव्हता, लगेच केलेल्या सहीवर ठेवला नव्हता. पण जागा अजून रिकामी असेल तर...

तर उद्या फोन येणार.

तिनं डेकचं झाकण उघडलं. कॅसेट काढली. उलटी करून आत घालायची, एवढंच उरलं होतं. हात अर्ध्यावर थांबला.

तिनं कॅसेट उजेडात धरली. जोड पाहिला. परत पाहिला.

"चाचा, हा जोड अजून कच्चा आहे."

"मघाशी चालला की."

"मघाशी चालला, पण दुसऱ्या बाजूला ताण उलटा येतो. आणि तुमचा डेक किती दिवसांत साफ केलेला नाही. मी असं करते, ही ऑफिसला घेऊन जाते. तिथं गार हवा आहे, मशीन चांगलं आहे. उद्या... म्हणजे उद्या नको, पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत मी अहवालात ह्या जोडाची नोंद करते. तुम्ही खाली अजून एक सही द्या."

तिनं कागद काढला. पेनचं टोपण काढलं. खाली जोडाची नोंद केली आणि पेन चाचांपुढं धरलं.

चाचांनी पेन घेतलं. टोपण लावलं. पेन तिच्याच पर्समध्ये ठेवून दिलं.

"दुसऱ्या बाजूला पण अम्मीच हाय, पोरी."