चांद्याच्या कपाळावरची हळद

एका माळावरच्या गावात म्हाकू नावाचा एक मेंढपाळ राहत होता. त्याच्यापाशी चांद्या नावाचा कुत्रा होता. माळावर लांडग्यांचा सुळसुळाट, पण चांद्या कळपाभोवती फिरत असला की म्हाकू बिनघोर असायचा.

या गावाने आपल्या कुत्र्यांसाठी एक कोठी चालवली होती. आजच्या भाषेत विमाच म्हणा. मेंढ्या घेऊन दूर चारायला निघण्याआधी प्रत्येक घर कोठीत थोडी लोकर घाली. मग वर्षभरात कुणाचा कुत्रा आजारी पडला किंवा जखमी झाला, तर वैद्याचं सगळं कोठी बघे, आणि तो बरा होईपर्यंत मालकाचा कळप बाकीचे लोक आळीपाळीने राखत.

अट एकच होती. कुत्र्याचं जुनं दुखणं कोठी आपल्या अंगावर घेत नसे. लोकर घालायच्या दिवशी बिरोबाच्या देवळापुढे मालकाने आपल्या हाताने कुत्र्याच्या दुखऱ्या जागी हळद लावायची. हळद लागली ते दुखणं मालकाचं, बाकी सगळी कोठीची. कुणी तपासायला येत नसे, कुणी शपथ घालत नसे. एवढा मोठा व्यवहार चिमूटभर हळदीवर पिढ्यानपिढ्या चालत आला होता. बाहेरगावचा माणूस हे ऐकून तोंडात बोट घाली.

चांद्याला फेफऱ्याचे झटके येत. झटका आला की तो कित्येक दिवस उठत नसे, आणि तेवढे दिवस कळप उघडा पडे. ही गोष्ट म्हाकूला आणि त्याच्या मेहुण्याला, धुळाला, तेवढी ठाऊक होती.

देवळापुढे म्हाकूची पाळी आली तेव्हा धुळा त्याच्या कानाशी लागला. "दाजी, डोक्यातलं दुखणं कुणाला दिसतंय? गप लोकर घाला आन् चला."

म्हाकूच्या मनात चलबिचल झाली. झटक्याचं औषध लांबून आणावं लागे, ते त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्याने खाली पाहिलं. चांद्या मान वर करून त्याच्या हाताची वाट बघत होता. त्या नजरेत शंकेचा लवलेश नव्हता. एवढा विश्वास ज्याच्यावर टाकला जातो, त्याने खोटं कसं वागायचं? त्याने चांद्याच्या कपाळावर हळद लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्याला झटके येत्यात. हे दुखणं माझं."

घरी जाईपर्यंत धुळाची बडबड थांबली नाही. दाजींनी आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं त्याचं म्हणणं. म्हाकूलाही रात्री अंथरुणात तसंच वाटलं.

पुढे परमुलखात एका संध्याकाळी लांडगे कळपावर आले. चांद्या एकटा त्यांच्यात घुसला. मेंढ्या वाचल्या, पण त्याची बरगडी उघडी पडली. म्हाकूने त्याला खांद्यावर टाकून तळावर आणलं.

ही जखम कोठीची होती. गावाबरोबर तळावर आलेले कोठीचे वैद्य शेटीबा धावत आले. टाके घालण्याआधी जखमी कुत्र्याला धोत्र्याचा काढा पाजून गुंगवायची त्यांची रीत होती. काढ्याची करवंटी चांद्याच्या तोंडापर्यंत गेली, आणि शेटीबांचा हात तिथेच थबकला.

"कपाळाला हळद लावलेला चांद्या न्हवं ह्यो? झटक्याचा?"

म्हाकूने मान हलवली. शेटीबांनी सगळा काढा मातीत ओतून दिला.

"झटक्याच्या कुत्र्याला ह्यो काढा म्हंजी मरण. तू त्या दिवशी बोलला नसतास, तर मीच माझ्या हातानं ह्याला मारलं असतं."

धुळा मान खाली घालून उभा राहिला. गुंगीशिवायच टाके पडले. म्हाकूने चांद्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. तो जीव कळवळत होता, थरथरत होता, पण वैद्याच्या हाताला त्याने एकदाही दात लावला नाही.

शेवटचा टाका पडला तेव्हा चांद्याचा श्वास संथ चालू होता. म्हाकूने हात जोडले. ते देवाला जोडले, वैद्याला की त्या कुत्र्याला, हे त्याचं त्यालाही उमगलं नाही.

तात्पर्य: आपलं उणं लपवलं तर चार दिवस फायदा दिसेल, पण वाचवणाऱ्याला ते ठाऊक नसेल, तर त्याच्याच हातून आपला घात होतो.