संथा चोख होती

एकदा एका नदीकाठच्या पाठशाळेत एक कासार आणि त्याची बायको लेकीला घेऊन भांडायला आली. हो, भांडायलाच, विनवण्या करून झाल्या होत्या.

त्या पाठशाळेची एक रीत होती. ज्या मुलांना सगळ्यांबरोबर शिकणे झेपत नसे, त्यांना वृद्ध आचार्य आपल्या ओसरीवर वेगळे बसवून शिकवत. ओसरी लहान, म्हणून कोणाला घ्यायचे ते परीक्षेने ठरे, आणि परीक्षा घेई आचार्यांचा थोरला शिष्य. कासाराच्या त्या लेकीला, रेवाला, त्याने दोनदा पारखले होते. दोन्ही वेळा निर्णय एकच: हिला ओसरीची गरज नाही.

शिष्य मनाने वाईट नव्हता हो. पण त्याच्या निर्णयावर कोणी बोट ठेवले, की कपाळाला आठी पडे.

"संथा चोख आहे हिची," तो म्हणाला. "मी चरण एकदा म्हणतो, ही दोनदा म्हणते. एक मात्रा चुकत नाही! हुशार म्हणवणारी मुलं अडखळतात तिथे. आणखी काय हवं तुम्हाला?"

"महाराज, भूक लागली का विचारलं, तर तेच शब्द मला परत ऐकवते," आई म्हणाली. "परवा पोटात दुखत होतं, तर नुसती रडत राहिली. कुठे दुखतं ते काही सांगता आलं नाही लेकराला."

"घरोघरी मातीच्या चुली, बाई. मुलं घरी लाडात येतात, आणि आईबाप राईचा पर्वत करतात."

कासार पुढे झाला. "पौर्णिमेनंतर ही मोठ्या वर्गात जाईल. तिथे हिच्याकडे कोण बघणार? आम्ही खोटं बोलतो, असं तरी सरळ म्हणा."

शिष्याने तोंड फिरवले. म्हणजे त्याने ते म्हटलेच.

आचार्य आतून सारे ऐकत होते. काठी टेकत ते बाहेर आले आणि रेवासमोर मांडी घालून बसले. संथेची सवय, तिने लगेच हात जोडले. आचार्यांनी श्लोकाच्याच चालीवर, शांतपणे म्हटले, "माझे आईबाप खोटारडे आहेत."

शिष्य दचकला. गुरुजींना म्हातारचळ लागला की काय!

रेवाने ते वाक्य दोनदा म्हटले. स्वच्छ, सुरेल, एक मात्रा न चुकता. मग शाबासकीसाठी आईकडे पाहून हसली.

आईने पदर तोंडात कोंबला. कासार पाठ फिरवून उभा राहिला.

आचार्यांनी आधी त्या माउलीपुढे हात जोडले. "क्षमा कर, बाई. याला दुसऱ्या कशानेही कळलं नसतं." मग ते शिष्याकडे वळले. "परीक्षा कोणाची घेतलीस रे? चरण तुझा, चाल तुझी. तुझाच आवाज तुझ्याकडे परत आला आणि तू त्याला शाबासकी दिलीस. ही पोर त्यात कुठे होती? जे मूल अडखळतं, त्याच्याकडे आपलं लक्ष तरी जातं. हिने आपल्याला कधी अडचण केली नाही, म्हणून हिला काही अडचणच नाही, असं धरून चाललो आपण. आणि जे तिच्या उशाशी जागले, त्यांनाच शहाणपण शिकवलं."

शिष्याची मान खाली गेली. "आजपासून ती ओसरीवर बसेल, गुरुजी."

"बसेल. पण गेलेली वर्षं कुठून आणशील?"

शिष्य रेवासमोर बसला. आज त्याने चरण म्हटला नाही. तिच्याकडून काही येईल म्हणून नुसता थांबला. रेवा हात जोडून त्याच्या ओठांकडे पाहत राहिली. ओसरीवरचे ऊन अंगणात उतरले, पुढे तेही गेले. ती काहीच बोलली नाही, कारण त्याने अजून काही म्हटले नव्हते.

इतके दिवस हिला ऐकतो आहोत असे त्याला वाटत होते. तिला त्याने आजवर एकदाही ऐकले नव्हते.

ज्या मुलाबद्दल शाळेत काहीच तक्रार नसते, त्याच्या आईला एकदा जवळ बसवून विचारावे.