सोवळ्यातला वीर

त्या राज्यात देह साच्यातून मिळे आणि जीव हाताकडून. बोलता सगळ्यांनाच येई. हलता मात्र येई ते एकदा तरी कुणी हातात घेऊन खेळल्यावरच. म्हणून तिथे राजा नव्हता, हात होता.

हात लहान होता तेव्हा त्याने रणंजय नावाच्या वीराला इतके खेळवले, की वीराचे नाक झिजले, तलवार हरवली आणि छातीवरचा सोनेरी सिंह नुसता पिवळा डाग होऊन राहिला. पुढे हात मोठा झाला आणि रणंजय पेटाऱ्यात गेला. शेजारी चिंध्यांची ठकी होती. दोघांनी तिथे बरीच वर्षे काढली. ठकी म्हणायची, "येईल हो हात. आपण आपलं मन स्वच्छ ठेवावं, म्हणजे आला की ओशाळायला नको."

हात आला, पण पेटाऱ्याकडे नाही. राज्यातल्या मोठ्या झालेल्या हातांना एकाच वेळी लहानपणाची आठवण दाटून आली होती. ते पाहून कुणीतरी जुने साचे धुऊन काढले आणि तेच वीर पुन्हा ओतायला घेतले. तेच नाक, तोच सिंह, तीच तलवार. हाताने नवा रणंजय आणला. तो पारदर्शक डब्यात उभा होता. मनगटांना आणि छातीला मागून बारीक तारा बांधलेल्या. हाताने डबा उघडला नाही. तो तसाच वरच्या फळीवर, नीट मध्यावर ठेवला. नवा जुन्याशी ताडून बघायला पेटारा तेवढा उघडला, तो उघडाच राहिला.

तेव्हापासून तिथे एक थोरला रणंजय झाला आणि एक धाकटा.

थोरला हळूहळू फळीवर चढून भेटीला गेला.

"या, म्हातारबुवा," धाकटा आतून म्हणाला. "पण लांबूनच. मी सोवळ्यात आहे. मला अजून कुणी शिवलेलं नाही."

"सोवळं नेसायचं ते स्वयंपाकासाठी, नाहीतर पूजेसाठी. तू काय करणार आहेस?"

"मी असाच राहणार आहे. तुमच्यासारखं नाक घालवून बसणार नाही."

पेटाऱ्यातून ठकीचा आवाज आला. "नाक गेलं खरं, पण कंबर बघ की त्यांची! अजून वाकून नमस्कार करतात. तू वाकून दाखव बरं, राजा."



वीरांच्या पोटात रबराचे एक कडे असते. वरचे धड आणि खालचे पाय त्यानेच जोडलेले राहतात. खेळणाऱ्याने वाकवले, वळवले, की ते मऊ राहते. नुसते उभे ठेवले, की ते सुकते. थोरल्याने हे धाकट्याला समजावून सांगितले. धाकटा हसला. त्या राज्यात आता न शिवलेला तोच श्रेष्ठ ठरला होता, आणि पाहुणे हात येत तेव्हा "अजून न शिवलेलाच ना?" हा पहिला प्रश्न विचारत. धाकट्याला तो प्रश्न आरतीसारखा गोड लागे.

मग उन्हाळा आला. एका दुपारी धाकट्याने हाक मारली.

"थोरले, पोटात काहीतरी तडकलं."

"जोरात?"

"नाही. भाकरी मोडावी, तसं. मला एकदा वाकायचंय. सोवळं गेलं तरी चालेल. हाताला सांगा ना, एकदा उघड म्हणावं."

हाताला खेळण्यांचे बोलणे ऐकू येत नसे, लहानपणी येई तेवढेच. तरी ठकीने नेम धरला: धाकट्याची कंबर वाकेपर्यंत कशालाही टेकून बसायचे नाही. तिच्या पाठीत नुसता कापूस. ती सारखी कलंडायची आणि पुन्हा सावरून बसायची.

"पडाल, ठकीताई," थोरला म्हणाला.

"पडेन, आणि उठेन. तुम्ही तुमचं काय ते बघा."

थोरल्याने आपले बघितले. हात जिथे रोज टेकायचा, त्या जागी तो जाऊन आडवा पडला.

हाताने त्याला उचलले. अंगठा आपसूक कमरेशी गेला आणि थोरला पूर्वीसारखाच वाकला. हाताने त्याला टेबलावरून चालवले, पुस्तकांच्या ढिगावर चढवले, तिथून उडी मारायला लावली. ठकी पेटाऱ्यात ताठ बसून बघत होती. फळीवरून धाकटा म्हणाला, "आता माझ्याकडे बघेल. बघेल ना?"

हाताने खरोखरच डबा खाली घेतला. चिकटपट्टीच्या कडेखाली नख घातले. कड थोडी सुटली.

मग हाताने एकदा थोरल्याच्या झिजलेल्या नाकावरून बोट फिरवले, सिंहाच्या पिवळ्या डागावरून फिरवले, आणि सुटलेली कड पुन्हा दाबून बसवली. दुसऱ्या दिवशी जाड काचेची पेटी आली. डबा तिच्यात ठेवून तिला कुलूप लावले गेले. थोरला पेटाऱ्यात परत गेला.

धाकट्याचे कडे पुढच्या आठवड्यात तुटले. आवाज काचेबाहेर आला नाही. पाय डब्याच्या तळाशी टेकून उभे राहिले, धड तारांनी जागच्या जागी धरून ठेवले, आणि मधली भेग कमरेच्या रुंद सोनेरी पट्ट्यामागे झाकली गेली. ठकी अजून टेकत नव्हती. कडे तुटल्याचे तिला कुणी सांगितले नव्हते.

सणाला पाहुणे हात आले. त्यांच्यात एक इवलासा हातही होता. तो थेट काचेकडे झेपावला.

"अं हं, लांबूनच बघायचं, बाळा," यजमान हात म्हणाला, आणि त्याला अलगद मागे घेऊन इतरांकडे वळला. "बघा. साच्यातून निघाला, तसाच्या तसा ठेवलाय."

सगळे हात काचेपुढे आपोआप जोडले गेले. आत रणंजय छाती पुढे काढून, तलवार उगारून उभा होता.