सुटी राहिलेली तार

“तार सुटी कुणी ठेवली?”

प्रश्न भिवाबाबांचा होता. नीरज टिळेकरने खाली पाहिलं.

“अहवालात नाव आहे, बाबा. धायगुडे. आमच्याकडची टेक्निशियन.”

“अहवालाचं नाही विचारलं.”

...

बाबा बत्तीस वर्षं लाइनमन होते. खांबावरून उतरले ते थेट टेकडीवर बैरागी होऊन बसले. उंचीची खोड काही जाईना. नीरज कॉलेजात असल्यापासून त्यांच्याकडे यायचा. आता तो उपग्रह बनवणारा मोठा साहेब झाला होता, आणि आज आशीर्वाद घ्यायला आला होता. संध्याकाळी अहवाल वर जाणार होता. त्यापाठोपाठ त्या पोरीची नोकरी जाणार होती.

“त्या तारेचं काम काय?”

“वर अवकाशात कण आदळत राहतात. उपग्रहाच्या अंगावर चार्ज साठतो. उतरायला खाली जमीन नाही. म्हणून सगळे भाग एकमेकांना तारेनं जोडायचे. एखादा सुटा राहिला, की तो एकटाच भरत जातो. मग ठिणगी पडते.”

“आणि तुमचा उपग्रह मेला?”

“नऊ दिवस झाले, हाकेला ओ नाही. रेडिओवर फक्त हे ऐकू येतं.”

त्याने मोबाइल पुढे धरला.

कट... कट...

बराच वेळ काही नाही. मग पुन्हा... कट.

भर दुपारी नीरजच्या अंगावर काटा आला.

“बंद लाइन मेली समजून हात लावू नये,” बाबा म्हणाले. “आम्ही आधी साखळी टाकून ती जमिनीला जोडायचो. साठलेलं उतरवल्याशिवाय शिवायचं नाही.”

नीरजने मोबाइल खाली घेतला.

“पोरीनं सांगितलं होतं तुला?”

“...दोनदा.”

“मग?”

“मी म्हणालो, वेळ नाही. तशीच झाकून टाक.”

हे बोलताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने मोबाइल बंद करून खिशात टाकला आणि पाया पडायला वाकला.

कट!

त्याने दचकून हात मागे घेतला. मोबाइल तर बंद होता. आवाज त्याच्या बोटातून आला होता.

त्याने पुन्हा हात पुढे केला.

कट.

नीरज घाबरला. “बाबा... हे काय होतंय?”

बाबांनी पाय आखडून घेतले.

“आधी त्या पोरीच्या पाया पड.”