रिकाम्या शंखाचा वसा

ऐका दर्याराया, तुमची कहाणी.

आटपाट गाव होतं. गावाच्या पायाशी दर्या होता. तिथं पोशा कोळी राही, त्याची आई गोमाय राही, त्याची बायको हिरू राही. घर कुडाचं, दैव थोडकं. पोशा जाळं टाकी, जाळं रिकामं येई. गोमायची जीभ मात्र कधी रिकामी नसे. म्हणे, "देवाला फूल नाही, दाराला रांगोळी नाही, भिंतीला रंग नाही. सून आणली की खारा वारा आणला?" हिरू खाली मान घाली. फूलझाड लावावं तर खाऱ्या जमिनीत जळे. रांगोळी काढावी तर वारा नेई.

घरात एकच मोलाची वस्तू होती. दाराशी एक जुना शंख टांगलेला असे, काळपट, ओबडधोबड. धुकं पडलं की हिरू तो फुंकी. हाक पाण्यावर लांब जाई. हाकेच्या मागोमाग पोशाची होडी खडक टाळून खाडीत शिरे.

श्रावण आला, पुनव आली. पहाटेची ओहोटी दूरवर गेली. हिरू पुळणीवर गेली, तर एक म्हातारी दिसली. वाके, वाळूशी बोले, पुन्हा वाके. हिरूनं विचारलं, "बाई बाई, कुणाशी बोलतेस?"

"वसा करते गं. रिकाम्या शंखाचा वसा."

"मला सांग तो वसा."

"तुला कशाला? दिवस पालटतील, उतशील, मातशील, घेतलेला टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, टाकणार नाही."

मग म्हातारीनं वसा सांगितला. "पुनवेच्या पहाटे ओहोटीला यावं. शंख दिसला, शिंपला दिसला, उचलण्याआधी तीनदा विचारावं, घरात कोण आहे? आत हललं तर ओल्या वाळूत जपून ठेवावं. नाही हललं तर दोन्ही हातांनी उचलावं. म्हणावं, राहून गेलास, घर ठेवून गेलास, तुझं भलं होवो. ओंजळभर घ्यावं, जास्त घेऊ नये. देवापुढं मांडावं, दारापुढं मांडावं. पुढल्या पुनवेला दर्याला परत द्यावं."

"परत का गं द्यायचं?"

"कुणाला तरी घर हवं असतं, बाय."

हिरूनं वसा घेतला. कवड्यांची फुलं देवाला वाहिली. शिंपल्यांची रांगोळी मांडली, ती वाऱ्यानं हलेना. उन्हात दार मोत्यासारखं झळके. गोमाय बघत राहिली. म्हणाली, "सूनबाय, खाऱ्या वाऱ्याला बहर आला गं!" त्या दिवसापासून पोशाचं जाळं भरून येऊ लागलं. कूड गेला, चुन्याची भिंत आली. हिरू रोज दर्याला हात जोडी.

मग एके पुनवेला एक शंख सापडला. बाहेरून दुधासारखा, आतून गुलाबी. तीनदा विचारलं, कोणी नव्हतं. घरी आणला, पुजला. परत द्यायचा दिवस आला, तर हिरूला तो देववेना. म्हणाली, "एकच तर आहे."

एकाचे अनेक झाले. हिरूनं चुना कालवला, भिंतीत शिंपले बसवले. मग ओंजळीची टोपली झाली. मग विचारणं राहिलं. आतला जीव हललेला हाताला कळे, तरी उन्हात वाळत घाली. गाव बघायला येई, म्हणे, "हिरूचं घर बघावं नि डोळे मिटावे." हिरू फुलून जाई. दाराशी टांगलेला जुना शंख तिला खुपू लागला. तोही तिनं चुन्यात बसवला, तोंड खाली, वर नक्षी. गोमाय म्हणाली, "अगं, ती घराची हाक होती." हिरू म्हणाली, "सासूबाई, आभाळ कसं स्वच्छ आहे!"

पौष आला. एका सकाळी धुकं उतरलं, हाताला हात दिसेना. पोशा दर्यावर. हिरू भिंतीकडे धावली. जुना शंख उपटला, तो दुभंगला. दुसरा काढला, शेंडा फोडून फुंकला. आत वाळलेला जीव, आवाज निघेना. मग तिसरा काढला, तोच दुधासारखा. शेंडा फोडायला दगड उचलला, आणि तोंडून आपसूक जुने बोल निघाले, "घरात कोण आहे?"

हिरूचा हात थांबला. तिला रडू फुटलं. गोमाय म्हणाली, "रडतेस काय? आधी ज्याचं त्याला दे. मी काढते, तू ने."

सासूनं भिंत उकरली, सुनेनं टोपल्या वाहिल्या. एक टोपली दिली, दुसरी दिली, तिसरी दिली. वाळलेले जीव काही परत आले नाहीत. त्यांच्यासाठी हिरूनं वाळूला कपाळ टेकलं. शेवटी गुलाबी शंख पाण्याच्या कडेला ठेवला. म्हणाली, "दर्याराया, तू दिलंस, मी दाबून ठेवलं. माझं माणूस दे, नाही दिलंस तरी हे तुझंच."

तोच खडकाखालून एक खेकडा आला. पाठीवर जुना शंख, शेंड्याला झिजून भोक पडलेलं. बिचाऱ्याच्या घरात पाणी शिरे. त्यानं गुलाबी शंख चाचपला, आत डोकावला, आणि मऊ अंग आवरून नव्या घरात शिरला. जुनं घर तिथंच राहिलं.

हिरू वाकली. "घरात कोण आहे?" कोणी नाही. "घरात कोण आहे?" कोणी नाही. "घरात कोण आहे?" कोणी नाही. "राहून गेलास, घर ठेवून गेलास, तुझं भलं होवो." दोन्ही हातांनी उचलला, झिजलेल्या शेंड्याला ओठ लावले, फुंकला. हाक गेली. पुन्हा फुंकला. धुक्यातून आरोळी आली, "हो ऽऽ हिरू, आलो!"

पोशा घरी आला. भिंतीकडे बघून म्हणाला, "हे खळगे कसले?"

"ज्यांची घरं, त्यांना दिली."

"बरं केलंस. कूस बदलली की पाठीला टोचायची."

गोमाय पदर तोंडाला लावून हसली. मग तिनं स्वतः वसा घेतला, हिरूनं पुन्हा घेतला, गावानं घेतला. दारोदारी ओंजळभर शिंपले आले, पुनवेला परत गेले.

जसा दर्याराया हिरूला पावला, तसा तुम्हां आम्हां पावो. ज्याचं माणूस दूर, त्याला घरची हाक ऐकू येवो. ज्याला घर नाही, त्याला कुणाचं तरी ठेवलेलं घर मिळो. लाटालाटांची ही कहाणी, ओंजळभर बोलांत सुफळ संपूर्ण.