हडळीची माय

"भीती घालवायची कशी, ते सगळेच सांगतात, आत्या. मला ती परत आणायची कशी, ते हवंय."

आत्यांनी मान वर केली नाही. मठाच्या ओसरीवर बसून त्या कोऱ्या मांजरपाटाचे तुकडे करत होत्या. दातानं कड तोडायची आणि सरळ ओढत न्यायची. टर्र... की तुकडा वेगळा.

"गेली कुठं?"

"कोण?"

"भीती. परत आणायची म्हणतोस, म्हणजे गेली असणार."

निनाद गावंडे हसला. त्याला असल्या उत्तराची सवय नव्हती.

"माझ्या गोष्टींतून गेली, आत्या. पूर्वी लोक ऐकून घाबरायचे. आता घाबरत नाहीत."

निनादला हजारो तरुण पोरं नुसत्या आवाजावरून ओळखत. भुताखेतांच्या गोष्टींचा त्याचा चॅनल होता, 'वेशीपल्याड' नावाचा. सुरुवातीला तो अमरावतीच्या वसतिगृहात पांघरुणात तोंड खुपसून, दबक्या आवाजात गोष्टी सांगे. चित्र नाही, संगीत नाही. नुसता काळा पडदा आणि त्याचा आवाज. त्या गोष्टी त्यानं हिंडून मिळवलेल्या असत. कुणा म्हाताऱ्या सुईणीकडून, कुणा मुक्कामी एसटीच्या ड्रायव्हरकडून. सांगताना त्याच्याच अंगावर काटा येई, मग ऐकणाऱ्याच्या येई.

पुढं मुंबईची एक कंपनी आली. रोज एक गोष्ट हवी, म्हणाली. रोज गोष्ट आणायची कुठून? मग लिहिणारी माणसं ठेवली. तीही पुरेनात, तेव्हा गोष्टी कॉम्प्युटर लिहू लागला. काळ्या पडद्याच्या जागी चित्रं आली. किंकाळ्या तयार मिळतात, त्या विकत घेतल्या. किंकाळी टिपेला गेली रे गेली, की मधेच गादीची जाहिरात.

चॅनल फुगला. गाडी आली, पुण्यात फ्लॅट झाला. आणि एके दिवशी कुणीतरी गोष्टीखाली लिहिलं, "दादा, पूर्वी तुमची गोष्ट ऐकली की लाइट लावून झोपायचो. आता झोप येत नसली की तुमची गोष्ट लावतो."

हसणाऱ्यांची रांग लागली त्याखाली. निनादच्या ते जिव्हारी लागलं.

म्हणून तो पूर्णेच्या काठी या मठात, सारं गाव ज्यांना आत्या म्हणे त्यांच्याकडं आला होता. मठाच्या कुंपणापलीकडंच गावाचं मसण. ज्या बाईच्या प्रेताला कुणी हात लावत नाही, तिला आत्या न्हाऊ घालतात, असं त्यानं ऐकलं होतं. आयुष्यभर मरणाच्या शेजारी राहिलेल्या माणसाला भीतीचं मूळ ठाऊक असणार, असा त्याचा हिशेब. शिवाय खांद्याच्या पिशवीत कॅमेरा होताच. जमलं तर आत्यांनाही पडद्यावर घ्यावं, हे त्यानं मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

"तुम्हाला प्रेतांची भीती नाही वाटत, आत्या?"

"प्रेत काय करणार?"

"मग भीती असते कशात?"

आत्यांनी कापडाची घडी घातली. घडीवरून तळहात फिरवला.

"मला विचारू नकोस. धंदा तुझा आहे. एक गोष्ट सांग मला. तुझी सगळ्यात नावाजलेली."

निनादनं लगबगीनं फोन काढला.

"ही बघा. 'बारवेतली हडळ'. एवढी दुसरी कुठलीच चालली नाही. अजून चालते."

आत्यांचा हात थांबला. पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडं नीट पाहिलं.

"ती तू केलीस?"

"हो." निनाद खुलला. "तुम्हीसुद्धा ऐकलंय म्हणजे नाव!"

"फोन ठेव. तोंडानं सांग."

"आत्ता? भर दुपारी? आणि तुम्ही कुठल्या घाबरताय! ऐकणारं दुसरं कुणी असतं तर रंगली असती."

आत्यांनी कुंपणाकडं पाहिलं. मग आतल्या बाजूला तोंड करून हाक दिली.

"पंचफुला... जरा बाहेर ये."

आतून सुपाचा आवाज येत होता, तो थांबला. पन्नाशीची, वाळक्या अंगाची एक बाई पदर सावरत आली आणि खांबाला टेकून खाली बसली. पदरावर तुरीची टरफलं चिकटली होती.

"ही गोष्ट हिनं पुष्कळदा बघितली आहे," आत्या म्हणाल्या. "ऐकलेली मात्र नाही."

निनादला गंमत वाटली. त्यानं आपला तो ओळखीचा, मायाळू आवाज लावला.

"काय मावशी, आमचा चॅनल बघता?"

"हो जी. रोज पाहतो."

"कुठली गोष्ट आवडते?"

"एकच पाहतो मी. बारवेची."

"आणि आवाज लावत नाही? अहो, सगळी मजा आवाजात आहे!"

"आवाज कायले, दादा? मले फक्त तिचा चेहरा पाहायचा असते." पंचफुला सावकाश, समजावून सांगावं तसं बोलत होती. "सुरुवातीले येते थोडा वेळ. मंग जाते. मंग ते गादीची जाहिरात येते. ते सरेपर्यंत थांबतो मी. आखरीले पुन्हा येते. पण तेव्हा डोळे पांढरे करून ठेवले आहेत तिचे. मंग मी डोळ्यांवर बोट ठेवतो... अन् बाकीचा चेहरा पाहतो."

निनादला कळलं नाही.

"कुणाचा चेहरा?"

"उज्ज्वलाचा."

"कोण उज्ज्वला?"

पंचफुलानं आत्यांकडं पाहिलं. आत्यांनी नजर खाली केली.

"माही पोरगी," पंचफुला म्हणाली.



निनादला तो फोटो आठवला. दोन वेण्या, लाल फिती, कॅमेऱ्याकडं जरा दचकून पाहणारी मुलगी. कुठल्याशा तालुक्याच्या बातमीत सापडला होता. बारवेत पडून मुलीचा मृत्यू, एवढीच बातमी. ऑफिसातल्या कुणीतरी म्हटलं होतं, चेहरा भारी आहे, खरा वाटतो. मग कॉम्प्युटरवर तिचे डोळे पांढरे केले, नाव चंद्रकला ठेवलं. ती कुणाची कोण, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यालाही नाही.

"घरी... घरी फोटो असेल ना तिचा?"

"एकच होता. बातमीवाला घेऊन गेला. वापस आणून देतो म्हणे... नाही आणला."

"सांग आता," आत्या म्हणाल्या.

निनादनं तोंड उघडलं. गोष्ट त्याला तोंडपाठ होती. अवसेच्या रात्री चंद्रकला नटूनथटून बारवेवर जाते. ज्याच्यासाठी जाते तो येत नाही. ती पाण्यात उडी घेते. सकाळी तिला वर काढतात, तेव्हा तिचे दोन्ही पाय उलटे फिरलेले असतात. त्या उलट्या पायांवर तो नेहमी आवाज खाली आणायचा. लोकांना ते फार आवडायचं.

त्याच्या तोंडून शब्द फुटेना. भर दुपारी त्याचे हात गार पडले. वसतिगृहातल्या पांघरुणातसुद्धा त्याला कधी असं झालं नव्हतं.

"सांगा ना, दादा." पंचफुलाच्या आवाजात राग नव्हता. नुसती विनवणी होती. "लोक म्हणतात, लय चांगली सांगता तुम्ही. गावातली पोरं मले हडळीची माय म्हणत. बारवेवर मोबाइल घेऊन लोक येत, अन् मंग घरापुढं येऊन उभे राहत. म्हणून इकडं आलो मी. पण गोष्ट काय आहे, हे मले कोणी सांगत नाही. मी विचारलं की लोक उठून जातात."

"मावशी..." निनादची मान खाली गेली. "ती गेली कशी?"

पंचफुलानं पदरावरचं एक टरफल काढलं, बोटात धरून ठेवलं.

"उन्हाळा होता. बारव आटली होती. पार तळाशी उतरून वाटीवाटीनं घागर भरा लागे. माहे गुडघे धरलेले, म्हणून ती उतरे. खालच्या पायरीवर शेवाळ होतं... बुडाली नाही ती, दादा. पाणी घोटाभर होतं. डोक्याले मार लागला."

ती थांबली. आपल्याशीच थोडी हसली.

"पालीले लय भ्यायची. मोरीत जाताना मले आधी पाहाले लावे, पाल आहे का म्हणून. अन् एवढ्या बारवेत उतराले नाही भ्यायची."

निनादच्या पिशवीचा पट्टा खांद्यावरून घसरला होता. तो त्यानं तसाच राहू दिला.

"पायांचं काय सांगतोस रे, गोष्टीत?" आत्यांनी विचारलं.

त्यानं पाय जवळ ओढून घेतले.

"सरकारी दवाखान्यातून आणली तेव्हा तिला मी न्हाऊ घातलं," आत्या म्हणाल्या. "टाचांना भेगा होत्या. ऐन उन्हाळ्यात... खोल भेगा. मी खोबरेल लावलं."

पंचफुलानं झटकन वर पाहिलं.

"लावलं होतं, आत्या?"

"लावलं होतं."

"मले नव्हतं मालूम."

ती बराच वेळ मान हलवत राहिली. डोळे पुसले नाहीत. मग उठली, आत गेली. सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला.

निनादला उठून तिच्या मागं जायचं होतं. पण त्यानं पिशवी उचलली. आत्यांच्या पायांशी वाकला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की आपल्याला पळून जायचंय. तो कुंपणाबाहेर पडला आणि गाडीपर्यंत जवळजवळ धावतच गेला.

थंडीच्या दिवसांत तो परत आला.

हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली तसबीर होती. गाल बसले होते, पण चालणं ताठ होतं. आत्या ओसरीवर उन्हाला बसल्या होत्या. त्यानं दंडवत घातला आणि तसबीर त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"मूळ फोटो मिळवला, आत्या. त्या बातमीवाल्याला शोधून काढला. मोठा करून घेतला. डोळे होते तसेच आहेत."

आत्यांनी कागद सोडवला. दोन वेण्या, लाल फिती. त्या बघत राहिल्या.

"बारवेचा व्हिडिओ काढून टाकला," निनाद सांगू लागला. "कंपनी सोडली. त्यांनी वकिलाची नोटीस पाठवली आहे, पाठवू देत. आता दुसऱ्यानं लिहिलेली गोष्ट सांगायची नाही, मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, असं ठरवलंय."

आत्यांनी वर्तमानपत्राच्या कागदाची घडी घातली.

"आणि माफी मागितली, आत्या. कॅमेऱ्यासमोर बसून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ते गादीचं, ते डोळ्यांवर बोट ठेवायचं... सगळं. सांगताना रडलो. खोटं रडलो नाही."

"हं."

"लोकही रडले. आजवरचा माझा कुठलाच व्हिडिओ इतका बघितला गेला नाही. बारवेपेक्षाही जास्त. मोठमोठ्या माणसांनी पुढं पाठवला. बातम्यांत आलं. गोष्ट सांगणारा असावा तर असा, असं लिहिलं लोकांनी..." तो जरा पुढं सरकला. "साऱ्या महाराष्ट्रासमोर मी उज्ज्वलाच्या आईची माफी मागितली, आत्या."

तो थांबला. आत्या डोक्यावर हात ठेवतील, असं त्याला वाटलं.

आत्यांनी पदरानं तसबिरीची काच पुसली. एका कोपऱ्यात बोटाचा डाग होता, तो पुन्हा पुसला.

आतून थापट्यांचा आवाज येत होता. जळत्या तुराट्यांचा धूर दारातून हळूहळू बाहेर येत होता.

आत्यांनी तसबीर उचलून परत त्याच्याच हातात दिली.

"पंचफुला आत भाकऱ्या करतेय," त्या म्हणाल्या.